कडक उन्हातली ताडपत्री

आभाळात ढगाचा ठिपकाही नव्हता, तरी वहिनी शिजवून वाळत घातलेली हळद घाईघाईनं गोळा करत होती. चारनंतर वादळी पाऊस, असा तिच्या मोबाइलवर मेसेज आला होता. बांधापलीकडे तात्यांचीही हळद उघड्यावर होती.

"तात्या, झाकून घ्या हो!"

"एवढ्या उन्हात?" तात्या हसले.

लहानपणी मला काळ्या ढगांची भीती वाटायची. आज निळ्या आभाळाचीच वाटू लागली. पाऊस आला तर तात्यांची हळद काळी पडेल, वर्षाची मेहनत जाईल. नाही आला, तर पुढच्या वेळी वहिनीचं ऐकणार कोण?

ताडपत्रीवर शेवटचा दगड ठेवून तिनं पुन्हा हाक मारली. तात्या अजून वरच बघत होते. वारा मात्र एकदम पडला होता.