डावा कौल मानणाऱ्या कुमुदबाई

कुमुदबाईंशी माझी खरी ओळख झाली ती चप्पल तुटल्यामुळे. अष्टमीहून पूल ओलांडून मी रोह्याच्या शाळेत विज्ञान शिकवायला नुकताच येऊ लागलो होतो. इतिहास शिकवणाऱ्या बाईंनी शिक्षकखोलीत सहज विचारले, "चालायची सवय आहे ना तुम्हाला?" बाजारापर्यंत जायचे असेल असे समजून मी हो म्हणून बसलो. रविवारी त्यांनी मला थेट माळवाडीच्या डोंगरावर चढवले. निम्म्या चढात माझ्या चपलेचा अंगठा तुटला. बाईंनी पिशवीतून सुतळी काढली आणि म्हणाल्या, "नवीन माणूस आणते तेव्हा ही जवळ ठेवतेच." त्या सुतळीवर मी उरलेला डोंगर चढलो आणि आजतागायत त्यांच्या मागून चालतो आहे.

माळवाडी ही भात, नाचणी आणि वाल पिकवणारी पठारावरची वाडी. तरुण मंडळी शिफ्टला खाली कंपनीत जातात. वारसा म्हटले की आपण किल्ल्याकडे बोट दाखवतो. बाई गुरांच्या वाटेकडे दाखवत. ही वाट म्हणजे जुन्या घाटरस्त्याची दगडी फरसबंदी आहे, हे त्यांनी वाडीला दाखवले. गावदेवाच्या देवळापुढचे शेंदूर फासलेले दोन दगड वीरगळ आहेत, लढाईत पडलेल्या माणसांची स्मारकं आहेत, हेही त्यांनीच सांगितले. एका दगडावर खाली गाई कोरल्या आहेत. गुरं पळवायला आलेल्यांशी लढताना कुणी तरी इथे मेला होता. एका हौशी अभ्यासकाने तो शेंदूर खरवडायला घेतला, तेव्हा बाई कडाडल्या होत्या, "घरातल्या म्हाताऱ्याचा सदरा उतरवून त्याचं वय बघता का तुम्ही?"

माया करायची त्यांची रीतही त्यांचीच. माझी आई पेणच्या दवाखान्यात होती, तेव्हा शाळा सुटली की बाई एसटीने पेणला येत आणि आईला मऊ भात भरवत. भरवता भरवता वीरगळांची माहिती सांगत. आई शेवटी झोपेचे सोंग घ्यायची. पण एखाद्या दिवशी बाईंना उशीर झाला की तिची नजर दाराकडे लागलेली असे, हे मी विसरू शकत नाही.

बाईंचा खरा कस लागला तो देवळाच्या जीर्णोद्धारात. कंपनीत नोकरी करणाऱ्या पोरांनी वर्गणी काढून नवे देऊळ बांधायला घेतले, आणि ठेकेदार ते दोन्ही वीरगळ जोत्याच्या भरावात टाकणार होता. समितीचा अध्यक्ष जनार्दन मनाने सरळ माणूस. तो म्हणाला, "बाई, कंपनीत नवीन मशीन आली की जुनी कोन ठेवतो काय?" भाषणबाजीत वेळ न घालवता बाई म्हणाल्या, "तुमच्या पद्धतीने विचारू या. कौल लावा."

बाईंचा कौलावर काडीचा विश्वास नाही. तरीही गुरवाने देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावल्या तेव्हा त्या हात जोडून उभ्या राहिल्या. प्रश्न त्यांचाच होता: दगड आहेत तिथेच राहू द्यायचे का? डावी पाकळी पडली, म्हणजे नाही. मी बाईंच्या कानाशी कुरकुरलो, की डावीकडे पाणी जास्त लागले होते. बाई शांतपणे म्हणाल्या, "विचारलं आपण. आता उत्तर आवडलं नाही म्हणून पाण्याला दोष देऊ नका." एवढे बोलून त्यांनी छत्री उचलली. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते त्यांनी लपवलेही नाही.

बाई वाटेला लागल्या तशी जनार्दनची आई पुढे झाली. "थांब गो बाय. देव जागा सोड बोलला. जोत्यात पुरा असा नाय बोलला." मग ती लेकाकडे वळली. "बाईंनी तुजा देव मानला. तू तिचा दगड मानशील का नाय?"

जनार्दन गाई कोरलेल्या दगडापाशी जाऊन वाकला. मग म्हणाला, "गुरांच्या वाटेवर ठेवू. गुरांसाठीच मेलाय ना तो." याचा कौल लावला आणि उजवी पाकळी पडली. दुसऱ्या सकाळी रात्रपाळी करून आलेला जनार्दन न झोपता पहार घेऊन हजर होता.

आज पाहुणे आले की जनार्दनच माहिती सांगतो. "आमचाच मानूस हाय," म्हणतो, आणि लढाई दर खेपेला थोडी मोठी होते. मध्यंतरी मी दुरुस्ती करायला तोंड उघडले, तर बाईंनी माझा हात दाबला. "राहू दे. आता तो त्यांचा झाला." जे वाचवायचे ते माणसांपासून नव्हे, माणसांसाठी वाचवायचे, हे मी बाईंकडून शिकलो.

बाई, तुमच्या पंचाहत्तरीला तुमच्यासाठी काय मागावे, हे माळवाडीने आधीच ठरवले आहे. बांबूच्या बेटाखाली एक दगड पालथा सापडला आहे. कापणी उरकली की तो उलटायचा आहे, पण तुम्ही आल्याशिवाय कुणी त्याला पहार लावणार नाही. तेव्हा गुडघे सांभाळा, औषधे वेळेवर घ्या आणि खूप वर्षे आमच्या पुढे चालत राहा. त्या दगडाचे तोंड पहिल्यांदा तुम्हीच बघायचे, असे वाडीचे म्हणणे आहे. ह्या वेळी कौल लावायची गरज कुणालाच वाटलेली नाही.