चिनी मॅडम, मद्रासी मॅडम

नव्वदच्या दशकात, उत्तरेत राहायचो तेव्हा, इंदिरा नगरात आमच्या दारी येणारा भाजीचा ठेलेवाला मला 'मद्रासी मैडम' म्हणायचा. आम्ही साताऱ्याचे, असं मी दर खेपेला सांगायची. "हाँ हाँ, वही," म्हणत तो वांगी तोलायचा. वरच्या मजल्यावर ताश्कंदहून आलेली कोरियन बाई राहायची. ती अर्थात 'चीनी मैडम'. हिंदी ती तिकडच्या कॉलेजात शिकलेली. "भ्राता जी, गाजर का मूल्य बताइए," असं विचारायची, आणि तो बिचारा घाबरून भाव उतरवायचा.

तिच्या आजीला एकेकाळी सोव्हिएत सरकारनं कोरियाच्या सीमेलगतच्या गावातून उचलून आगगाडीत कोंबून ताश्कंदकडे धाडलं होतं. तिथं त्यांच्या लोणच्याला हवा तो कोबी मिळेना, म्हणून गाजर. किसलेल्या गाजरावर लसूण, मिरची, धणे आणि वरून कडकडीत तेल. पहिल्यांदा चाखलं तेव्हा मी म्हटलं, "अच्छा, ये तो हमारी कोशिंबीर है."

"नहीं बहन, यह शुद्ध कोरियाई व्यंजन है."

कोरिया तिनं जन्मात पाहिला नव्हता.

मग मागच्या गल्लीत अस्सल सोलची बाई राहायला आली आणि मला समाजसेवेचा झटका आला. दोघींची भेट घालून द्यायची. गळ्यात पडतील, रडतील, मी रुमाल पुरवीन. दोन रुमाल इस्त्रीसुद्धा केले, इतकी मी शहाणी. वरची मात्र धास्तावली. आजीचे कोरियन शब्द पुटपुटत जिन्यात येरझाऱ्या घालू लागली. "वे मुझे अपना मानेंगी न?"

"लो, क्यों नहीं मानेंगी?" मी म्हटलं. जशी काही मीच सोलची.

सोलची बाई माझ्याकडे चहाला आली. वरचीनं तोंड उघडलं आणि पाहुणी तोंडावर हात धरून हसायलाच लागली.

"काय म्हणते? मतलब, क्या कहती हैं?"

"कहती हैं, मेरी बोली इनकी परनानी जैसी है."

गाजर चाखून पाहुणी आणखी काही बोलली.

"कहती हैं, स्वादिष्ट है, परंतु कोरिया में ऐसा कुछ नहीं होता."

स्वतःच्या अपमानाचं इतकं शुद्ध भाषांतर करणारी बाई मी पुन्हा पाहिली नाही. तिची मान बशीत. काय करावं सुचेना, मी रुमाल पुढे केला. तो पाहुणीनंच घेतला आणि हात पुसले.

तेवढ्यात खालून ठेलेवाल्याची हाक आली. सुटले म्हणत मी दोघींना गेटवर नेलं. तो खूश. "अरे वाह, आज दो-दो चीनी मैडम!"

पाहुणी लालबुंद झाली. एक हात स्वतःच्या छातीवर, दुसऱ्यानं वरचीचा दंड धरलेला. "नो चायनीज," ती म्हणाली. "वी कोरियन. वी."

वरची दंडावरच्या त्या हाताकडे बघत राहिली. मग आजीच्या बोलीत काहीतरी म्हणाली. या खेपेला पाहुणी हसली नाही. दंडही सोडला नाही.

"अच्छा, कोरियन," ठेलेवाल्यानं मान्य केलं आणि माझ्याकडे वळला. "और मद्रासी मैडम, आपको क्या दूँ?"

"गाजर," मी म्हटलं, आणि पिशवी वर राहिली म्हणून उरलेला इस्त्रीचा रुमाल पसरला.