खजिनदारबाईचा ‘इतर’ खर्च

खजिनदारबाई म्हणजे माझ्या डोक्याला ताप. तिचं हे नाव मीच ठेवलं, चिडून, पण तिला ते इतकं आवडलं की आता हॉस्पिटलचे डॉक्टरसुद्धा तिला खजिनदारबाई म्हणतात. आहे कोण ही? आमच्या हॉस्पिटलच्या लाँड्रीतली शिवणवाली. फाटलेल्या चादरी शिवायच्या, उशांच्या खोळींना नाड्या लावायच्या, एवढं तिचं काम. पण ऐट अशी की जणू हॉस्पिटल तिच्याच टाक्यांवर उभं आहे.

लाँड्रीत आम्ही चौघी. मी रोलरवर, म्हणजे ओल्या चादरी गरम रोलरमधून काढून सपाट करायच्या. एक ड्रायरवाली, कमी बोलणारी, बिचारी. एक धाकटी. वयाने काही लहान नाही, दोन पोरांची आई आहे, पण सगळ्यांत शेवटी लागली म्हणून धाकटी. आणि ही. वर्षातून एक दिवस आम्ही चौघी जवळच्या शहरात फिरायला जातो. सकाळी जायचं, रात्री घरी. त्या एका दिवसाचं बजेट ही बाई महिनाभर करते.

आणि काय ते बजेट! चादरींवरच्या डागांवर खुणा करायचा खडू असतो ना आमच्याकडे, तो घेऊन घड्या घालायच्या पत्र्याच्या टेबलावर लिहायला बसते. बसभाडं. चहा. जेवण. बागेचं तिकीट. इतर. रोज थोडं पुसायचं, थोडं लिहायचं. एका चहाचे दोन चहा करा म्हटलं तर असं बघते, जसं काही मी तिची किडनीच मागितली.

सगळ्यांत भयंकर म्हणजे थैली. ऑपरेशनच्या खोलीतलं हिरवं कापड जुनं झालं की तिच्याकडे येतं, त्याचीच तिने एक थैली शिवली आहे. चौघींचे पैसे त्या थैलीत, थैली तिच्या गळ्यात आणि आमच्या पर्स घरी. हो, घरी! सहलीच्या दिवशी कुणी स्वतःचा एक पैसा जवळ ठेवायचा नाही. बसस्टॉपवर खिसे चाचपायला कमी करत नाही. याला कारण आहे, तेही सांगते, नाहीतर म्हणाल मी एकतर्फी बोलते. एका वर्षी आम्ही तिघी ऐटीत हॉटेलात जेवायला गेलो आणि ड्रायरवाली ‘मला भूक नाही’ म्हणत बाहेर पायरीवर बसून राहिली. भूक नव्हती कसली, पैसे नव्हते. ते खजिनदारबाईला लागलं. तेव्हापासून एक थैली, सगळ्यांचं सारखं. नियम चांगला आहे, मी कुठे नाही म्हणते? माणूस चांगलं नाही.

आता यंदाचं सांगते. मला यंदा शहरात जायचं होतं ते बागेसाठी नाही. माझी सख्खी धाकटी बहीण, घरात आम्ही तिला छोटी म्हणतो, तिथे पडद्यांच्या दुकानात कामाला आहे. महिनाअखेर ती नवऱ्याबरोबर परदेशी जाणार होती, कायमची. आणि आमचं बोलणं बंद होतं.

बोलणं बंद झालं ते ह्याच लाँड्रीत. आई गेल्यावर छोटी पाकीट घेऊन आली. म्हणे, आईच्या आजारपणाचा निम्मा खर्च माझा. माझं डोकंच फिरलं. आईच्या उशापायथ्याला मी, रात्री जागल्या मी, आणि ही बाई पाकीट घेऊन हिशोब मिटवायला आली! मी ते पाकीट साबणाच्या पाण्याच्या टबात फेकलं आणि सगळ्यांसमोर म्हटलं, “तुझा एक पैसा घेतला तर नावाची नाही मी.” ती गेली रडत. खजिनदारबाईने मात्र हात कोपरापर्यंत बुडवून एकेक नोट बाहेर काढली, फडक्याखाली ठेवून इस्त्री केली आणि छोटीला पोचती केली. मला विचारलंसुद्धा नाही. ह्याला म्हणतात आगाऊपणा.

तर छोटीने आता एका नर्सबरोबर निरोप धाडला होता, जाण्याआधी ताईला एकदा येऊन जा म्हणावं. मी एकटी जाऊ शकत नव्हते का? बस काय मला चावणार होती? पण मुद्दाम गेले तर मी नमले असं झालं असतं. मैत्रिणींबरोबर आले होते, जवळच होते, म्हटलं डोकावावं, असं म्हणायला जागा हवी होती मला. हे मी फक्त धाकटीला सांगितलं, शपथ घालून. आणि धाकटीच्या पोटात काही राहत नाही हे मला माहीत असायला हवं होतं.

टेबलावर बजेट सुरू झालं तसं मी सहज म्हटलं, “यंदा बाग नको. पडद्यांच्या बाजारात जाऊ.”

“तिकडे दोन बस बदलाव्या लागतात,” खजिनदारबाई मान वर न करता म्हणाली. “चौघींचं भाडं जेवणापेक्षा जास्त होतं. आणि पडदे घेणार कोण? तुझ्या घराला खिडक्या दोन, त्यातली एक उघडत नाही.”

ड्रायरवालीसुद्धा हसली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात माझी नजर टेबलावर शेवटी लिहिलेल्या ‘इतर’वर पडली. दरवर्षी ‘इतर’ म्हणजे पायाला लावायची पट्टी नाहीतर पाण्याची बाटली. यंदा ते चांगलं टम्म फुगलं होतं.

“हे एवढं ‘इतर’ कशाला?” मी विचारलं.

“लागतं.”

“कुणाला लागतं?”

“लागेल त्याला.”

“वा गं वा! पैसे चौघींचे आणि गुपितं तुझी? आम्ही काय डोळे मिटून थैलीत ओतायचं?” आणि मी ओलं फडकं घेतलं आणि ‘इतर’ टेबलावरून पुसून टाकलं, खस्सकन. “ते पैसे जेवणात घाल. सगळ्यांना गोड येऊ दे. बोला, कुणाची हरकत आहे?”

धाकटीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. खजिनदारबाईने तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि तिने मिटलं. ड्रायरवाली म्हणाली, गोड चालेल. झालं. जिंकले मी. खजिनदारबाईने खडू उचलून ‘जेवण’ पुसलं, वाढवून लिहिलं आणि शिवणाच्या मशीनवर जाऊन बसली. अख्खी दुपार तिने मशीन अशी चालवली की चादरींवर सूड उगवत असावी.

सहलीच्या दिवशी बाग पाहिली. तीच बाग, तीच कारंजी, तीही बंद. मग जेवायला बसलो. गोड काही आलंच नाही. मी विचारलं तर खजिनदारबाई म्हणाली, “संपलंय.” मला खरं तर गोडाचं काही पडलेलं नव्हतं. आज नाही गेले तर छोटी गेली, एवढंच डोक्यात. शेवटी हात धुता धुता मी तिला गाठलं आणि दात आवळून म्हटलं, “मला पडद्यांच्या बाजारात जायचंय. जाण्यायेण्याचं भाडं दे.”

“कशाला?”

“बहिणीला भेटायला!” ओरडलेच मी. हॉटेलातली माणसं वळून बघायला लागली.

तिने हात पुसले. “तेच ‘इतर’ होतं,” ती म्हणाली. “धाकटीने सांगितलं होतं मला. तुझं जाणंयेणं धरलं होतं त्यात. तूच पुसलंस.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तेवढ्यावर थांबेल तर ती खजिनदारबाई कसली! थैलीतून तिने मोजून पैसे काढले आणि माझ्या तळहातावर ठेवले. “हे तुझं इथून घरी जायचं भाडं. यात बाजारापर्यंत पोचशील. परत कशी यायचीस ते तुझं तू बघ. बाकीच्यांच्या पैशाला मी हात लावणार नाही.”

“इथे अडकले तर?”

“अडक.”

मी तिला काय काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. पण पैसे मुठीत धरले आणि निघाले.

दुकान मोठं होतं. जमिनीपासून छतापर्यंत कापडाचे गठ्ठे. छोटी गळ्यात मोजपट्टी अडकवून एका गिऱ्हाइकाला कापड दाखवत होती. वाळली होती. मला पाहिलं आणि तिच्या हातातून कापड सुटलं. “ताई?”

आणि मी, शहाणी, पाठ केलेलं वाक्य म्हटलं. “मैत्रिणींबरोबर आले होते. जवळच होते, म्हटलं डोकावावं.”

तिचा चेहरा उतरला. डोळ्यांदेखत. “हो का,” ती म्हणाली. “पाणी देऊ?” नको म्हटलं. “बाकी सगळं ठीक?” ठीक म्हटलं. “तब्येतीला जप हं,” ती म्हणाली आणि खाली पडलेलं कापड उचलून गिऱ्हाइकाकडे वळली. झाली भेट. एरवी मी तिथून ताठ मानेने बाहेर पडले असते, बसमध्ये बसले असते आणि आयुष्यभर सगळ्यांना सांगितलं असतं की मी माझं काम केलं, तीच दोन शब्द बोलली नाही.

पण बसमध्ये बसणार कशी? दारापर्यंत गेले आणि उभी राहिले. खजिनदारबाईला मनातल्या मनात लाखोली वाहिली. अंधार पडायला लागला होता, ओळखीचं कुणी नव्हतं. या एवढ्या शहरात पैसे मागावेत असं एकच माणूस होतं.

“छोटे,” मी म्हटलं. “परत जायला पैसे नाहीत गं माझ्याकडे. दे.”

ती वळली. मग हळूच म्हणाली, “माझे? माझे चालतील तुला?”

“चालतील.”

ती हसायला लागली, हसता हसता रडायला लागली आणि पर्स काढायला गेली ती मोजपट्टीत अडकली. गिऱ्हाईक बिचारं स्वतःच कापडाची घडी घालत बसलं. आम्ही दोघी पडद्याच्या गठ्ठ्यावर बसून दुकान बंद होईपर्यंत आईचंच बोलत होतो. मग तिने मला बसमध्ये बसवून दिलं, माझं तिकीट स्वतः काढलं आणि खिडकीतून वर नोट कोंबली. घेतली मी.

दुसऱ्या दिवशी लाँड्रीत पाय ठेवते तो धाकटी धावत आली. “अगं, तू गेलीस आणि खजिनदारबाईने आम्हाला आइस्क्रीम खाऊ घातलं!”

“आइस्क्रीम? कुठल्या पैशांनी?”

“जेवणातलं गोड घेतलं नव्हतं ना, त्या.”

मी तरातरा शिवणाच्या मशीनशी गेले. मी काही बोलायच्या आत खजिनदारबाईने मशीनवर सुटे पैसे ठेवले. “हा तुझ्या आइस्क्रीमचा वाटा.”

एका नजरेत कळलं मला. बाजारातून घरी यायला लागतात तेवढेच होते. भाडं!

“म्हणजे होते तुझ्याकडे!” मी किंचाळले. “थैलीत होते! मग दिले का नाहीस? मला भिकाऱ्यासारखं उभं केलंस तिच्या दारात!”

“परतीचं भाडं खिशात असतं तर काय केलं असतंस?” तिने सुई ओवली. “पडद्याचा भाव विचारून आली असतीस परत.”

मी ते पैसे उचलले आणि दिले भिरकावून. थेट साबणाच्या टबात. ती उठली, बाही कोपरापर्यंत वर सारली आणि पाण्यात हात घातला.

छोटी आता परदेशी असते. दर सुट्टीला फोन करते, तास तास. पुढच्या सहलीचं बजेट कालपासून टेबलावर सुरू झालंय आणि खडू हिसकावून ‘इतर’ मी लिहिलं. खजिनदारबाईशी मात्र मी अजून बोलत नाही.