बुडबुड्यांशिवायची फेरी

बाबांचं नागपुरात सक्करदऱ्याला पंपदुरुस्तीचं दुकान आहे. शेतातले, अपार्टमेंटमधले, धंतोलीच्या दवाखान्यांत गच्चीवर पाणी चढवणारे, सगळे पंप तिथे येतात. पंप उघडला की आतली पाणी फेकणारी पितळी चक्रं कित्येकदा वाळवीने खाल्ल्यासारखी दिसतात. पंपाला ओढायला पाणी कमी पडलं की आत बुडबुडे होतात आणि फुटताना धातू कुरतडतात, हे मला शाळेच्याही आधी बाबांनी दाखवलं होतं.

म्हणून पीएचडीला माझ्या मार्गदर्शक मॅडमनी विषय सांगितला तेव्हा मी विचार करायला वेळ मागितला नाही. त्याच बुडबुड्यांनी डिझेलमधलं गंधक काढायचं होतं. घरी सांगितलं तर बाबा जेवता जेवता थांबले.

"ज्या रोगाचा इलाज करून करून माहे केस पिकले, तो तू मुद्दाम लावणार काय वं?"

"हो. पण पंपाला नाही, डिझेलला."

गंधक जळलं की त्याचा धूर छातीत जातो, शिवाय गाडीतली धूर साफ करणारी यंत्रणा नासते. मोठे कारखाने ते प्रचंड दाबाने, भरपूर तापवून काढतात. आम्हाला साध्या पंपावर काढायचं होतं. इंधनात थोडं पाणी मिसळून ते बारीक भोकाच्या चकतीतून दामटायचं. भोकात दाब एकदम कमी होतो, बुडबुडे होतात, पुढे जाऊन ते चिरडतात. त्या क्षणापुरती त्यांच्या पोटात भयंकर उष्णता होते, पाण्याचे रेणू तुटतात आणि ते तुकडे गंधकाला भिडतात. असं बदललेलं गंधक मग वेगळं करता येतं. सुरुवातीला खरं डिझेल घ्यायचं नव्हतं. एका स्वच्छ द्रवात गंधकाचं एकच रसायन मोजून घालायचं होतं.

पहिल्याच उन्हाळ्यात द्रवातलं गंधकाचं प्रमाण उतरायला लागलं. आलेख इतके सुंदर येत होते की मॅडमनी एका परिषदेसाठी शोधनिबंध पाठवला. मी मैत्रिणींना आईस्क्रीम खाऊ घातलं.

तेवढ्यात पंपाचं सील गळू लागलं. संस्थेचा फिटर सुट्टीवर होता. मॅडमच्या परवानगीने मी बाबांना बोलावलं. भर दुपारी ते पिशवी घेऊन आले, सील बदललं, पंप सुरू करायला लावला आणि पाइपला हात लावून उभे राहिले. मला वाटलं, आता कौतुक करतील.

"गरम होऊन राहिलं. आन् हा वास कशाचा?"

"गंधकाच्या रसायनाचा. असा वास येतोच, बाबा."

द्रव ज्यातून फिरत होता त्या टाकीचं झाकण त्यांनी बोटाने हलवलं. ते सैल होतं. "वास बाहेर येऊन राहिला म्हणजे माल बाहेर जाऊन राहिला."

मला राग आला. "मोजून पाहिलंय मी. रोज मोजते."

"टाकीतलं मोजलं. खोलीतलं मोजलं काय?"

ते पाना पुसून निघून गेले. मी त्यांना सोडायला गेटपर्यंतही गेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चकती काढली आणि तसाच ताजा द्रव, तितकाच गरम ठेवून, तितकाच वेळ फिरवला. बुडबुडे नाहीत, काही नाही. गंधक तरीही जवळजवळ तितकंच कमी झालं. म्हणजे आमचे बुडबुडे फारसं काही करतच नव्हते; रसायन तापून सैल झाकणातून उडून जात होतं. मी दोन्ही फेऱ्यांचे आलेख छापले. मग कागद घेऊन मॅडमच्या खोलीत गेले.

"मॅडम, आपलं गंधक निघत नाहीये. उडून चाललंय."

त्यांनी दोन्ही आलेख एकावर एक धरून उजेडात पाहिले. "हे कोणाच्या लक्षात आलं?"

"बाबांच्या."

त्यांनी माझ्यासमोरच निबंध मागे घेतल्याचा मेल लिहिला. मला वाटलेली लाज त्यांच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हती. "टाकी बंद करा, द्रव थंड ठेवा. आणि बाबांना परत बोलवा," त्या म्हणाल्या.

बाबांची मी आधी माफी मागितली. "त्यात काय झालं? नव्या पंपातबी पहिल्यांदा हवा अडकतेच," ते म्हणाले आणि झाकणाचं माप घेऊ लागले. त्यांनी बोल्टांचं पक्कं झाकण बसवलं, टाकीत तांब्याची वेटोळी नळी सोडली. नागपुरात मे महिन्यात नळाचं पाणी थंड म्हणवत नाही, म्हणून आम्ही त्यात बर्फाच्या लाद्या फोडून टाकल्या आणि ते पाणी नळीतून फिरवलं.

मग दोन फेऱ्या घेतल्या, एक चकतीशिवाय, एक चकतीसह. पहिलीत गंधक जवळपास जागचं हललं नाही. दुसरीत उतरलं. आधीच्या आलेखापेक्षा बरंच कमी, पण उतरलं, आणि पुन्हा पुन्हा घेतलं तरी उतरलं. त्या दिवशी मी आईस्क्रीम वगैरे काही केलं नाही. वहीत तारीख घातली आणि सही केली.

पुढे सगळ्यांसमोर काम मांडताना मी चुकीचा आलेख आधी दाखवला. एका प्राध्यापकांनी विचारलं, हा कशाला दाखवता? मी म्हटलं, "दुसऱ्या आलेखावर विश्वास का ठेवायचा, ते कळावं म्हणून."

आता आम्ही खरं डिझेल घेतो. त्यातलं गंधक हट्टी असतं, त्या एका रसायनासारखं सहज हाती लागत नाही. चकत्या बदलून पाहतोय, पाण्याचं प्रमाण बदलून पाहतोय. थोडं निघतं, थोडं राहतं. जे राहतं तेही निघेल की नाही, ते अजून सांगता येत नाही. पण जे निघतं ते बुडबुड्यांनीच निघतं, असं मी आता छातीठोकपणे सांगते, कारण ते कुठे जातं हे मला माहीत आहे.