भांडाराच्या तीन पाट्या

नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले. ते बरेचसे विसरलो. पण एका दुकानाच्या तीन लाकडी पाट्यांची चोरी अजूनही जशीच्या तशी आठवते.

मी तेव्हा घाटकोपरच्या बाजूला फौजदार होतो. मुलुंड नुकतंच मुंबईत आलं होतं. दारूबंदीचे दिवस होते, त्यामुळे ठाण्यातलं निम्मं मनुष्यबळ खाडीलगतच्या हातभट्ट्या शोधण्यात जायचं. अशा धामधुमीत एका मंगळवारी सकाळी ठाणे अंमलदाराने येऊन सांगितलं, "साहेब, भांडारवाल्या दोघा भावांनी एकमेकांविरुद्ध फिर्याद आणलीय. तिसरा मुलुंडला देतोय."

हे भांडार त्या भागात सगळ्यांना ठाऊक होतं. कोकणातून आलेल्या एका विधवेने घाटकोपरच्या चाळीत झबली-कुंच्या शिवून विकायला सुरुवात केली होती. तिचे तीन मुलगे मोठे झाले, चाळीतल्या खोलीचा गाळा झाला, गाळ्याचं दुकान झालं. मग विक्रोळी, मग मुलुंड. लुगडी, शाळेचे गणवेश, छत्र्या, स्टोव्ह, पाळणे, सगळं एका छताखाली. एका दुकानात वस्तू नसली तर संध्याकाळपर्यंत दुसऱ्या दुकानातून आणून देत. लग्नाचा बस्ता बांधायला दादरला जाणारे लोक इथे येऊ लागले. तिन्ही दुकानांना आईचंच नाव होतं. ते नाव मी इथे देत नाही.

पुढे भावांचं बिनसलं. घाटकोपरचं दुकान धाकट्याकडे, विक्रोळीचं मधल्याकडे आणि मुलुंडचं थोरल्याकडे गेलं. नाव मात्र तिघांनाही हवं होतं. त्यासाठी ते कोर्टात गेले होते. त्यात कहर असा, की तिघांनीही काउंटरवर सारखीच सूचना लावली होती : "आमची कुठेही शाखा नाही."

सोमवारी तिन्ही दुकानं बंद असत. त्या सोमवारी सकाळपासून दुपारपर्यंत तिन्ही दुकानांवरच्या सागवानी पाट्या नाहीशा झाल्या. भरदिवसा, रहदारीच्या रस्त्यावर. प्रत्येक भावाची खात्री, की हे दुसऱ्याचंच काम.

विक्रोळीच्या दुकानासमोरच्या पानवाल्याने लगेच माहिती दिली. "घाटकोपरच्या दुकानातला जुना विक्रेता आहे ना साहेब, तोच. शिडी लावून पाटी काढली, खटाऱ्यात ठेवली. मी विचारलं तर म्हणाला, रंगवायला नेतोय."

तो विक्रेता साठीकडे झुकलेला, मालवणकडचा. वीसेक वर्षं त्याच दुकानात कापड मोजत आलेला. मी माणूस पाठवला तर तो स्वतःच चालत ठाण्यात आला.

"पाट्या तू काढल्यास?"

"मियाच काढलंय, सायबानू."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"ता मी सांगूचंय नाय."

"पाट्या कुठे आहेत?"

"ता पण सांगूचंय नाय."

कोर्टाने तीन दिवसांची कोठडी दिली. दरम्यान बाहेर प्रकरण चिघळत होतं. विक्रेता धाकट्याच्या दुकानातला, म्हणजे धाकट्यानेच हे घडवलं, असं धरून थोरल्याची माणसं घाटकोपरच्या दुकानात घुसली. काचेची कपाटं फुटली आणि एका नोकराच्या डोक्याला सहा टाके पडले. वरून मला विचारणा झाली : पाट्यांच्या मागे दंगल होऊ देणार आहात काय?

मी हवालदाराला म्हणालो, "त्याला बोलता करा." एवढंच म्हणालो आणि शेजारच्या खोलीत कागदांवर सह्या करत बसलो. हवालदार काय करणार हे मला माहीत होतं. दोन थपडांचे आवाज ऐकू आले, पण म्हाताऱ्याचा आवाज आला नाही. थोड्या वेळाने हवालदार बाहेर येऊन म्हणाला, "साहेब, हा काही बोलायचा नाही. घट्ट आहे." मी त्या वेळी त्याला मुरलेला चोर समजलो.

खबर आली ती भलतीकडून. कांजूरमार्गचा एक इसम आम्हाला हातभट्टीच्या बातम्या पुरवायचा. तिसऱ्या दिवशी तो आला आणि म्हणाला, "साहेब, आज भट्टीचं काही नाही. पण आमच्याकडच्या सुताराने तीन लांबच्या लांब फळ्या गोधडीत गुंडाळून ठेवल्यात. कोणाला हात लावू देत नाही."

दोन पंच घेऊन आम्ही सुताराकडे गेलो. भिंतीला तिन्ही पाट्या उभ्या होत्या, धक्काही न लागलेल्या. सुतार घाबरून गेला. "साहेब, एक म्हातारी बाई घेऊन आली. बरोबर एक गडी होता. म्हणाली, रंधा मारून अक्षरं काढून टाक. मी म्हटलं, आजी, एवढं सुरेख कोरलंय, माझा हात होणार नाही. तर म्हणाली, तुझा हात होईल तेव्हा कर, पण दुसऱ्या कोणाला देऊ नको."

पंचनामा आटोपून मी थेट चाळीत गेलो. तिन्ही मुलांची घरं सोडून या भावांची आई अजून त्याच जुन्या खोलीत राहत होती. सत्तरीची, नऊवारीतली, ताठ बसलेली. मला पाहून उठली नाही.

"पाट्या गावल्या वाटतं," ती म्हणाली.

"गावल्या. तुम्ही काढायला सांगितल्यात?"

"होय. तो माझ्या घोवाच्या गावचो. माझो शब्द मोडूचो नाय तो."

"पण त्या तुमच्या मालकीच्या नाहीत, आजी. कायद्याने ही चोरी होते."

त्यावर ती म्हणाली, "साहेब, ह्या नाव माझ्या घोवान लग्नात ठेवलेला. तांदळात अंगठीन लिवलेला. तो गेलो, मागे नाव तेवढा रवला. आता ह्ये तिघे कोर्टात उभे रवून ता माझा, ता माझा करतत. वकील माझा नाव घेऊन भांडतत. मी मेलंय काय?"

मग तिने विचारलं, "त्याका मारलात?"

खोटं बोलता आलं असतं. मी म्हणालो, "हो."

तिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "चला. माका ठाण्यात न्या."

तिन्ही भावांना बोलावून घेतलं. आई बाकावर बसली होती. विक्रेत्याला कोठडीतून आणलं तेव्हा ती उठून उभी राहिली. मला पाहून न उठलेली बाई त्याच्यासाठी उठली. त्याचा सुजलेला गाल पाहून मुलांना म्हणाली, "बघा. तुमच्या आवशीचा नाव ह्येनी राखल्यान. तुमी तिघांनी ता बाजारात मांडलात."

थोरला मान खाली घालून म्हणाला, "आये, आम्हाला सांगायचंस तरी."

"कितीदा सांगलंय? तुमका ऐकूक वेळ होतो?"

फिर्यादी मागे घ्यायला तिघेही तयार झाले. पण चोरीची फिर्याद अशी तोंडी मागे घेता येत नाही. गुन्हा गैरसमजातून नोंदला गेला, असा अहवाल मी मॅजिस्ट्रेटसाहेबांकडे पाठवला आणि तो मंजूर झाला. काचा फोडणाऱ्यांवर मात्र खटला चालला. पाट्या तिघांच्या संमतीने आईला परत मिळाल्या. तिने त्या सुताराकडेच नेल्या आणि तो रंधा मारीपर्यंत समोर बसून राहिली, असं मला नंतर कळलं.

विक्रेत्याला सोडताना मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "तुमी हात उचललो नाय, सायबानू." मला ते जास्त लागलं.

ठाण्यात त्या दिवशी सगळे रडले, पण भाऊ एकत्र आले नाहीत. कोर्टातला दावा तेवढा सोडला आणि प्रत्येकाने दुकानाला आपापलं नाव दिलं. गिऱ्हाईक हळूहळू पांगलं. पाळणा इथे नसला तर तिथून आणून देणारं आता कोणी नव्हतं. विक्रोळीचं दुकान आधी मिटलं, मग मुलुंडचं. घाटकोपरच्या दुकानात पुढे नुसत्या छत्र्या आणि गणवेश राहिले. लोक म्हणत, नाव गेलं आणि धंदा बसला. मला ते पटत नाही. पाट्या उतरण्याच्या पुष्कळ आधीच ते भांडार मोडलं होतं. आईला ते सगळ्यांच्या आधी दिसलं, इतकंच.

ती वारली तेव्हा माझी बदली अंधेरीला झाली होती, पण निरोप मिळताच मी गेलो. तिरडी उचलताना तीन टोकांना तीन मुलांनी खांदा दिला. चौथ्यासाठी थोरल्याचा जावई पुढे आला. थोरल्याने त्याला हाताने थांबवलं आणि गर्दीत मागे उभ्या असलेल्या त्या विक्रेत्याला हाक मारली, "काका, तुम्ही या."

आरोपी गप्प बसला की तो काहीतरी लपवतो आहे, असं आम्हाला शिकवलेलं होतं. ते खरंही असतं. पण माणूस कधी कधी स्वतःसाठी नव्हे, तर दुसऱ्या कोणासाठी गप्प बसतो, हे मला त्या म्हाताऱ्याने शिकवलं. नंतरच्या नोकरीत समोर कोणी असा मुका बसला की मी खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसायचो, चहा मागवायचो आणि आधी त्याच्या घरी कोण कोण आहे ते विचारायचो. सहकारी हसत. माझे काही तपास त्यामुळे लांबले, एक-दोन फसलेही. पण माझ्या हाताखालच्या ठाण्यात पुन्हा कोणा आरोपीवर हात उठला नाही.