तुझी हरकत कुठाय?

मुलुंडला मी झेरॉक्सच्या दुकानात कामाला आहे. तिथं एक आजी यायच्या. नाव मी कधी विचारलं नाही. दुकानामागच्या मैदानाचं आरक्षण उठवून टॉवर बांधायची नोटीस निघाली होती. आजी घरोघरी फिरून त्याविरुद्ध लोकांच्या हरकती लिहून घ्यायच्या आणि पालिकेत नेऊन द्यायच्या. प्रत्येक झेरॉक्स उजेडाकडे धरून बघायच्या, एखादी सही पुसट तर आली नाही ना.

एकदा मशीनमध्ये कागद अडकला. "तुला फार त्रास देते रे मी," त्या म्हणाल्या.

"हरकत नाही, आजी."

त्या खळखळून हसल्या. "सगळे असंच म्हणतात, म्हणून तर मैदान जातंय! तुझी हरकत कुठाय?"

मी घाबरलो. आठवीत शाळा सोडून लातूरकडून आलेला, भाड्याच्या खोलीत राहणारा माणूस मी. नाव दिलं आणि उद्या कुणी हाकललं तर? "माझी कशाला? मी इथला नाही."

"रोज मैदानात जाऊन बसतोस ना? का बसतोस, तेवढंच लिही."

मी लिहिलं, "खोलीत आम्ही सहा जण आहोत. आईशी फोनवर मनातलं बोलायला मला दुसरी जागा नाही."

आजींनी सावकाश वाचलं. एकही चूक सुधारली नाही. कागद गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवला.

निर्णय अजून आलेला नाही. पण शिक्का मारलेली पोच त्यांनी मला आणून दिली. त्यावर माझ्या नावाखाली मुलुंडचा पत्ता आहे.