गिरणी कुणाची झाली?

रविवार, दिनांक ९ नोव्हेंबर १९८६ रोजी सकाळी साडेदहा वाजता माझ्या व्याह्यांच्या सोप्यात एका टीव्ही मालिकेचा शेवटचा भाग सुरू झाला. तो पाहायला अर्धी गल्ली जमली होती. पण शेवटाची खरी गरज त्यांत एकट्या व्याह्यांना होती. अर्धवट राहिलेल्या गोष्टीचा इतका तिटकारा असलेला माणूस कोल्हापुरात दुसरा नव्हता. पुण्यामुंबईकडे असल्यास मला माहीत नाही, आणि असला तरी तो यांच्यापुढे टिकला नसता.

व्याही मूळचे राधानगरीकडचे शेतकरी. तरुणपणी कुस्तीसाठी शिवाजी पेठेत आले, तालमीत राहिले, आणि गुडघा गेल्यावर कुस्त्यांचे पंच झाले. पेठेत लहानथोर त्यांना पंच म्हणत. मीही तेवढेच म्हणेन. त्यांचे तत्त्व एकच होते. कुस्ती चितपट झाली पाहिजे. बरोबरीत सोडवलेली कुस्ती त्यांच्या मते झालेलीच नसे. तिच्यात पडलेले डाव, गाळलेला घाम आणि प्रेक्षकांचा गेलेला दिवस हे सर्व रद्द. खांदा मातीला लागला की नाही हे पाहण्यासाठी ते स्वतः पोटावर आडवे होत, त्यामुळे त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याला पुढून कायम तांबडी माती असे. शाहूवाडीकडच्या एका जत्रेत त्यांनी एक कुस्ती सोडवायला नकार दिला. दिवस मावळला, प्रेक्षक घरी गेले, जत्रेतले पाळणे उतरवले गेले, आणि अखेर दोन्ही पैलवानांनी हात जोडून, आम्हाला सोडा, अशी विनंती केली. पंचांनी त्यांना कंदिलाच्या उजेडात पुन्हा लावले. जो हरला तो सुटकेच्या आनंदाने रडला, असे सांगतात. मी तेथे नव्हतो.

हे तत्त्व आखाड्यापुरते राहिले असते तर माझी तक्रार नव्हती. पण पंच संपूर्ण जग याच मापाने मोजत. वर्तमानपत्र ते शेवटच्या पानापासून वाचत. जेवण कसे झाले हे ताकभातावरून ठरवत. ताक आंबट निघाले तर आधीची पुरणपोळीही वाईट ठरे. आजारी माणसाला भेटायला गेले की तो दुखण्याची हकीकत सुरू करण्यापूर्वीच विचारत, "बरा होणार का न्हाय, डॉक्टर काय म्हणतोय ते आदी सांग." माझ्या मुलीच्या लग्नाची बोलणी करायला ते आमच्याकडे आले, तेव्हा मी माझ्या स्वभावानुसार प्रस्तावना तयार ठेवली होती. घराणे, शिक्षण, दोन्ही बाजूंच्या अपेक्षा, असा क्रम होता. मी घराण्यावर असतानाच त्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "पावणं, पोरगी देणार का न्हाय?" मी देणार म्हणालो. ते म्हणाले, "मग पोहे खाऊ द्या की." माझी उरलेली प्रस्तावना आजतागायत कोणी ऐकलेली नाही.

मी जिल्हा न्यायालयात शिरस्तेदार होतो. आयुष्यभर मी खटले पाहिले आणि माझे मत नेमके उलट बनले. चांगला चाललेला खटला वाईट निकालाने वाया जात नाही. निकाल हा न्यायाधीशाच्या त्या दिवसाच्या पित्तावरही अवलंबून असतो. साक्षी, उलटतपासणी आणि युक्तिवाद मात्र झालेले असतात, ते कोणी परत घेऊ शकत नाही. हे मी पंचांना एकदा शांतपणे समजावून सांगितले. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकले, आणि म्हणाले की म्हणूनच लोक कोर्टाची पायरी चढत नाहीत आणि कुस्तीला झाडावर चढून बसतात. झाडावर बसलेली माणसे मी पाहिली होती.

आता मालिकेविषयी. तिचे नाव लिहीत नाही. तिची बदनामी त्या वर्षी पुरेशी झाली. उत्तरेकडच्या कुठल्याशा गावातले दोन भाऊ, मेलेल्या बापाची तेलाची गिरणी, आणि गिरणी कोणाची यावरून चाललेला तंटा, एवढीच कथा. भाषा हिंदी. पंचांचे हिंदी बाजारापुरते होते, पण तंटा त्यांना कोणत्याही भाषेत समजे. दर रविवारी ते आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून टीव्हीसमोर बसत, आणि नायक खलनायकाशी बोलू लागला की पाय ओढून पाडायचा डाव हलक्या आवाजात सुचवत. "पट काढ. काय बघतोस त्याच्या तोंडाकडं, पट काढ." नायक बहुधा एखादे दीर्घ वाक्य बोलून खोलीबाहेर जाई. मग पंच माझ्याकडे पाहून म्हणत, "पुढच्या रविवारी काढंल."

मालिका पाहायला पंचांचे धाकटे बंधूही येत. हे लिहायला सोपे आहे. घडायला सोपे नव्हते. या दोघांचे बोलणे वाटणीपासून बंद होते. गावाकडच्या वाटणीत गोठा पंचांकडे गेला आणि म्हैस धाकट्यांकडे. ही वाटणी कोणाच्या डोक्यातून निघाली ते मला ठाऊक नाही, पण न्यायालयात इतकी मूर्ख तडजोड माझ्या हातून कधी नोंदली गेली नव्हती. म्हैस नव्या गोठ्यात पान्हा सोडीना. दावे तोडून ती जुन्या गोठ्यात येऊन उभी राही. धाकटे म्हणत, दादाने तिला फितवले. पंच म्हणत, गोठा माझा आहे, त्यात कोण उभे राहते ते मी पाहीन. म्हैस यथावकाश मेली. भांडण धडधाकट राहिले. पुढे धाकटेही कोल्हापुरात आले आणि दोन गल्ल्या सोडून दुधाचा धंदा करू लागले, तरी पंचांच्या घरी दूध दुसरीकडून येई.

मालिका सुरू झाली त्याच महिन्यात धाकट्यांचा टीव्ही बिघडला. पडद्यावर मुंग्या येतात, असे त्यांनी माझ्या मुलीला वाटेत गाठून सांगितले. तिने सासऱ्यांना विचारले. पंच म्हणाले, "गल्ली येत्या, तसं येऊ दे." तो बिघाड असा होता की फक्त रविवारी सकाळी येई. गुरुवारी त्याच टीव्हीवर गाणी लागलेली सर्व गल्ली ऐके. याविषयी कोणी कधी बोलले नाही. आमच्याकडची माणसे तोंडाने फटकळ आहेत, पण काय बोलू नये हे त्यांना चांगले कळते.

बसण्याची व्यवस्था ठरलेली होती. डावीकडे पंच, उजवीकडे धाकटे, मध्ये मी. सर्व संभाषण माझ्यातून जाई. पंच म्हणत, "पावणं, त्यास्नी सांगा, च्या निवाय लागलाय." मी उजवीकडे वळून सांगे. धाकटे म्हणत, "त्यास्नी सांगा, मला डोळं हाईत." मी डावीकडे वळून तेही सांगे. दोघांनाही एकमेकांचे स्पष्ट ऐकू येत असे. तरी मी निरोप शब्दशः पोचवी. निरोप पोचल्याशिवाय तो निरोप होत नाही. मालिकेतल्या थोरल्याची बाजू पंच घेत, धाकट्याची बाजू धाकटे घेत, आणि गिरणीविषयी मला दोन्हीकडून इतके खडे बोल पोचवावे लागत की त्या गिरणीचे तेल मी पायालाही लावले नसते.

शेवटच्या भागाची तयारी पंचांनी आठवडाभर आधी सुरू केली. निकाल लागणार म्हणजे इनाम, फेटा आणि हलगी हवीच, असे त्यांचे मत. गिरणी ज्याला मिळेल त्याच्या नावाने फेटा बांधून टीव्हीवर ठेवायचा, हलगी वाजवायची आणि गल्लीला मटणाचे जेवण द्यायचे, असे ठरले. तालमीचा हलगीवाला बोलावला गेला. टीव्हीला फेटा बांधणे मला योग्य वाटत नाही, असे मी म्हणालो. पंच म्हणाले, "तुमी कोर्टात टोपी घालून बसत हुता की. मग?" या दोन गोष्टींचा संबंध मला अजून लागलेला नाही.

त्या सकाळी मी पोचलो तेव्हा परसात रश्श्याचे पातेले चढले होते आणि पायरीवर हलगीवाला जाळ करून हलगी शेकत बसला होता. हलगीचे कातडे तापून ताणले गेले तरच ती बोलते. निवली की मऊ पडते. माझी मुलगी मला स्वयंपाकघराच्या दारात थांबवून म्हणाली, "आप्पा, आज संपणार हे. मग पुढच्या रविवारी धाकटे मामंजी कशाला येतील? आणि आमचे मामंजी काही या म्हणायचे न्हाईत." मी म्हणालो की मालिका संपतात. ती म्हणाली, "ते मलाही कळतंय." आणि कांदा चिरू लागली. मी जाऊन माझ्या खुर्चीवर बसलो. धाकटे आधीच आले होते. त्यांच्या अंगावर लग्नाचा कोट होता.

शेवटचा भाग असा झाला. थोरला भाऊ गिरणीत आला. धाकटाही आला. दोघे एकमेकांकडे बराच वेळ पाहत राहिले. पंच पुढे सरकले. मला वाटले, आता जमिनीवर आडवे होतात. दारातून हलगीवाल्याने विचारले, "पंच, वाजवू?" पंच म्हणाले, "थांब." पडद्यावरच्या थोरल्याने हात पसरले. धाकटा त्याच्या गळ्यात पडला. दोघे रडले. कुठूनशी आई आली, तीही रडली. मग आकाश दिसले, पक्षी उडाले, एका भारदस्त आवाजाने जीवन हा प्रवास आहे असे काहीतरी सांगितले, आणि नावे वर सरकू लागली. हलगीवाला पुन्हा म्हणाला, "आता वाजवू?" पंच सरकणारी नावे पाहत राहिले. तो हलगी शेकायला परत गेला.

गल्लीतली मंडळी हळूहळू परसात पांगली. रश्श्याचा वास त्यांना निकालाहून निकडीचा होता. सोप्यात आम्ही तिघे उरलो. पंचांचा चेहरा मी त्यांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी पाहिला होता, तसा झाला होता. ते म्हणाले, "पावणं, त्यास्नी इचारा, गिरणी कुणाची झाली?"

मी उजवीकडे वळलो. तोंड उघडले. तेवढ्यात माझ्या डोक्यावरून धाकटे म्हणाले, "दादा, मलाच इचार की. कुणाचीच न्हाय झाली."

मी तोंड मिटले. पंच टीव्हीकडेच पाहत होते. ते म्हणाले, "गळ्यात पडलं म्हणून तंटा मिटतोय व्हय रे, बाळ्या?"

"न्हाय मिटत."

"मग ह्यो काय निकाल झाला?"

"सोडवली. बरोबरीत सोडवली."

याहून कडक शब्द त्या घरात नव्हता. पंचांनी मान हलवली. नंतर दोघेही त्या मालिकेवर असे तुटून पडले की मला खुर्ची मागे घ्यावी लागली. पंचांचे म्हणणे, गिरणी थोरल्याची, कारण बापामागे दार त्याने उघडे ठेवले. धाकट्यांचे म्हणणे, घाणा कोण चालवत होता ते बघ. आवाज चढले. मी दोनदा निरोप पोचवण्यासाठी डावीउजवीकडे पाहिले. माझी गरज नव्हती. अखेर तोडगा म्हणून धाकटे म्हणाले, "बरं, इमारत थोरल्याला आन् घाणा धाकट्याला, असं केलं तर?"

पंच धाकट्यांकडे वळले. मग म्हणाले, "तसं केल्यावर काय हुतंय, ते आपल्याला ठावं हाय."

दोघांनीही खाली पाहिले. धाकटे आधी हसले, कोटाच्या बाहीआड. पंच हसले नाहीत. त्यांनी चहाचा कप स्वतः उचलून माझ्या पुढून उजवीकडे सरकवला. दारात हलगीवाला तिसऱ्यांदा उभा होता. हलगी वाजवू का घरी जाऊ, असे त्याने विचारले. दोघे भाऊ एकदमच म्हणाले, "थांब."

शेवट वाईट होता, याबद्दल माझे आणि पंचांचे दुमत नाही. पण तो चांगला झाला असता तर हलगी वाजली असती, फेटा बांधला गेला असता, सर्व जेवले असते, आणि धाकटे कोट घालून घरी गेले असते ते कायमचे. वाईट शेवटाने मागचे सारे वाया जाते, हे पंचांचे तत्त्व त्या सोप्यात त्यांच्याच तोंडून खोटे पडत होते. हे त्यांना सांगावे असे मला वाटले. पण त्यांचे बोलणे चालू होते.

उठलो तेव्हा कोणाचे लक्ष नव्हते. पंच म्हणत होते, "पुढच्या रविवारी ये. मिटवून टाकू एकदाचं."

धाकटे म्हणाले, "एका रविवारात व्हायचं न्हाय ते."

"मग त्याच्या पुढच्या बी ये की."

मी जेवायला थांबलो नाही. मुलीने दारात पांढऱ्या रश्श्याचा डबा हातात दिला. तिचे डोळे लाल होते; कांदा तर कधीच चिरून झाला होता. झाकण घट्ट लागले आहे ना, एवढे मी विचारले. तिने मान हलवली. गल्लीच्या वळणापर्यंत दोघांचे आवाज येत होते. वळणावर मी थोडा थांबलो. मग घरी आलो, रस्सा गरम करून एकटा जेवलो, डबा राखेने घासला, आणि पालथा घातला.